लोणार सरोवरासाठी शाळेतून खरंच काही करता येईल का? (कचरा उचलण्यापलीकडे)

मेहकरच्या_बाई

नमस्कार सगळ्यांना. मी मेहकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. लोणार आमच्यापासून जवळ, त्यामुळे सहल दरवर्षी तिथंच. दैत्यसूदनाचं मंदिर बघायचं, काठावरून सरोवर बघायचं, डबे खायचे, एक ग्रुप फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत परत. मागच्या वर्षी म्हटलं यंदा काहीतरी वेगळं करू, म्हणून परवानगी घेऊन पोरांना घेऊन स्वच्छता केली. प्लास्टिक, अगरबत्तीची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या असं मिळून सहा पोती निघाली. पोरं खूश, मी खूश, पेपरात फोटो पण आला.

नवरात्रात आमची एक आठवीतली मुलगी आईबरोबर सरोवराच्या काठच्या कमळजा देवीच्या दर्शनाला गेली आणि परत येऊन मला म्हणाली, बाई कचरा परत तेवढाच आहे. बरं ते एक वेळ ठीक आहे, पण पुढचा प्रश्न तिने असा विचारला की मला उत्तरच देता आलं नाही. म्हणाली, बाई सरोवराला नेमकं झालंय काय? २०२० ला लॉकडाऊनमध्ये गुलाबी झालं म्हणून सगळ्या टीव्हीवर दाखवलं, त्याच्या आधी आम्ही कायम हिरवंच बघितलेलं, आणि आता पाणी वाढून देवीच्या मंदिराला लागलं म्हणतात. मग हे चांगलं का वाईट? आमच्या भागात पाणी वाढलं की लोक पेढे वाटतात हो, तिथं पाणी वाढणं काळजीचं असू शकतं हे मी पोरांना कसं समजावू?

तर माझं विचारणं एवढंच की पोरांना शिकवायचं काय, त्यांच्याकडून असा काही अभ्यास होऊ शकतो का जो खरंच कुणाच्या कामाला येईल, आणि काही चुकीचं दिसलं तर सांगायचं कुणाला? शाळेत पीएच पेपरचा एक डबा आहे, दोन थर्मामीटर, एक जुना तराजू, बाकी काही नाही. जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

लोणारचा_गाईड

बाई आधी तुमचे आभार, कारण लोणारला येणारा माणूस शंभरात नव्व्याण्णव वेळा काठावरून सेल्फी काढून जातो, त्याला खाली काय चाललंय त्याचं घेणंदेणं नाही. मी इथलाच, जन्म इथला, पंधरा वर्षं झाली लोकांना सरोवर दाखवतो.

पोरांना सुरुवात गोष्टीपासून करा. लवणासुराची गोष्ट आपल्या इकडच्या प्रत्येक पोराला आजीने सांगितलेली असते, की राक्षस बिळात लपला होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, ते बीळ म्हणजे हे सरोवर आणि पाणी खारट झालं ते त्या राक्षसामुळे. आता बघा ना, खड्डा वरून काहीतरी येऊन झाला आणि पाणी खारट हाय, हे आपल्या म्हाताऱ्या लोकांनी गोष्टीत धरून ठेवलंच होतं. शहरातले काही लोक येऊन पोरांसमोर म्हणतात ही अंधश्रद्धा, ते मला पटत नाही. गोष्ट राहू द्या आणि तिच्या शेजारी उल्का ठेवा. पोरं दोन्ही नीट सांभाळतात.

दुसरं म्हणजे पोरांना फक्त सरोवर दाखवू नका, धार दाखवा. गोमुखाची धार. ती बारा महिने वाहते आणि गोड पाणी हाय. त्याच विवराच्या पोटात सीतान्हाणी, रामगया, पापहरेश्वर अशी पाण्याची ठिकाणं हायत. वरून गोड पाणी येतंय आणि खाली तळ्यात गेलं की खारं होतंय, काहून? हा प्रश्न मी मोठ्या मोठ्या लोकांना विचारतो, सगळे गप्प होतात. पोरं मात्र काहीतरी उत्तर देतातच.

आणि तुमच्या त्या मुलीला सांगा की तिने बरोबर बघितलं. पाणी वाढलंय. माझ्या लहानपणी ज्या वाटेने आम्ही तळ्याला पूर्ण चक्कर मारायचो ती वाट आता काही ठिकाणी पाण्यात हाय. काठाची बाभळीची झाडं पाण्यात उभी राहून वाळली. पण कुठल्या साली पाणी कुठपर्यंत होतं हे मला कुणी विचारलं तर मी हाताने दाखवतो, इथपर्यंत, तिथपर्यंत. लिहून ठेवलेलं काहीच नाही माझ्याकडे. पंधरा वर्षं रोज खाली उतरलो आणि एक वही केली नाही याचं मला आता फार वाईट वाटतं.

---

खारपाणी

मॅडम, मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात काम करतो, लोणारच्या पाण्यातले जीव हा माझ्या अभ्यासाचा एक भाग होता. वर गाईड दादांनी जो प्रश्न विचारला की गोड पाणी आत जाऊन खारं का होतं, तोच खरं तर सगळ्याचा गाभा आहे आणि आठवीच्या मुलाला तो पूर्ण समजतो. त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

सरोवर म्हणजे बेसॉल्टमध्ये, आपल्या काळ्या पाषाणात, उल्का आदळून झालेला खड्डा. काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर आणि काठावरून खाली सुमारे दीडशे मीटर. बेसॉल्टमध्ये उल्केने झालेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर फार म्हणजे फारच कमी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोक इथं येतात, कारण तिथंही बेसॉल्टचे खडक मोठ्या प्रमाणात आहेत. ही उल्केची गोष्ट पण एका दिवसात ठरलेली नाही. १८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने याची नोंद केली, त्यानंतर दीडशे वर्षं बरेच लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजायचे. १९७३ मध्ये खडकांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्याचं छापून आलं, ही काच प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाही, आणि तिथं वाद मिटला. वयाचं तर अजून मजेदार आहे. आपण सगळे पाठ म्हणतो ५२ हजार वर्षं, तो आकडा एका पद्धतीने आला होता, नंतर २०११ च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने मोजलं तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. म्हणजे दहापटीहून जास्त फरक! मुलांना हे नक्की सांगा. विज्ञानात उत्तर बदलतं ते नवीन मोजमाप झाल्यावर, हे त्यांच्या लक्षात राहील.

आता पाणी. या खड्ड्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी आत येतं पावसाने, झऱ्यांनी, उतारावरून वाहून, आणि दुर्दैवाने काही वर्षं गावाच्या सांडपाण्यानेही. बाहेर जातं ते मुख्यतः वाफ होऊन. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते मागे राहतात. बेसॉल्ट झिजून पाण्यात आलेला सोडा, मीठ हे हजारो वर्षं साठत गेलं. म्हणून इथलं पाणी नुसतं खारट नाही तर साबणासारखं बुळबुळीत लागतं, पीएच दहाच्या आसपास नोंदलेला आहे. पूर्वी इथून सोडा काढून विकत पण असत. अशा पाण्यात मासा जगत नाही पण काही निळे-हिरवे शैवाल आणि जिवाणू असे आहेत की ज्यांना असंच पाणी लागतं, साध्या पाण्यात ते जगणारच नाहीत. हिरवा रंग त्या शैवालांचा. २०२० ला उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले आणि हॅलोआर्किया म्हणजे मीठप्रेमी सूक्ष्मजीव भरमसाट वाढले, त्यांच्या अंगात गाजरासारखा रंग असतो, म्हणून गुलाबी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते नमुने तपासले गेले होते. नमुना ठेवून दिला तर जीव तळाशी बसून पाणी परत स्वच्छ दिसायला लागायचं, यावरूनच कळतं की तो रंग पाण्याचा नव्हे, जिवांचा होता.

म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर असं की गुलाबी होणं हा आजार नव्हता. पाणी वाढून पातळ होत जाणं मात्र काळजीचं आहे, कारण उद्या ते साधं तळं झालं तर आपल्याला आवडेल, बोटिंग पण सुरू करू, पण ज्यांना असं खारं पाणीच लागतं ते इथले जीव संपतील. पोरांना वर्गात लोणच्याचं उदाहरण द्या. बरणीत मीठ कमी पडलं की काय होतं ते प्रत्येकाच्या घरी माहीत आहे, बुरशी येते, म्हणजे जे तिथं जगू शकत नव्हतं ते जगायला लागतं.

मोजायचं काय याबद्दल एक सावधगिरी सांगतो. सगळे पीएच पट्टीवर उड्या मारतात. पट्टी दाखवायला छान आहे, पण सोड्याच्या पाण्याचा पीएच लवकर हलत नाही, पाणी बऱ्यापैकी पातळ झालं तरी पट्टी तोच रंग दाखवत राहील आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. त्यापेक्षा क्षार मोजा. मोजून १०० मिली पाणी स्टीलच्या वाटीत उन्हात आटवायचं आणि उरलेलं वजन करायचं. शाळेचा तराजू चालणार नाही, गावातल्या सोनाराकडे जा, त्याच्याकडचा काटा उत्तम असतो आणि पोरांना घेऊन गेलात तर तो आनंदाने करून देईल. मात्र सरोवरातलं पाणी परवानगीशिवाय उचलू नका, यावर कुणी कायद्याचे जाणकार लिहितीलच.

आणि वर्गात हळदीचा कागद करा! हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा, सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला की लालभडक. आपल्याकडे हळदीचं कुंकू याच रसायनाने करायचे. पापडखाराच्या पाण्यावर आधी करून बघा, मग धारेच्या पाण्यावर, रंग बदलतो का बघा.

---

जालन्याचा_राजू

सगळं वाचलं, छान लिहिलंय सगळ्यांनी, पण मला मनापासून वाटतं ते बोलतो, राग मानू नका. पोरांनी हळदीचे कागद करून सरोवर वाचणार आहे का? सांडपाणी कुणाचं, तर माणसांचं, ते थांबवायचं काम यंत्रणेचं. वेडी बाभूळ, म्हणजे ती भराभर पसरणारी परदेशी बाभूळ, काढायची तर तेही यंत्रणेचं. आमच्या इथं एका तलावासाठी आम्ही तीन वर्षं रॅली काढल्या, चित्रकला स्पर्धा घेतल्या, शपथ घेतली. त्या तलावाचं आज डबकं झालंय. निवेदन द्यायला गेलो तर साहेब म्हणाले हो हो बघतो. पोरांना खोटी आशा लावून नंतर ती निराश झाली तर ते जास्त वाईट. बाई, तुमची तळमळ दिसते म्हणूनच बोलतोय.

---

बे_एरियातला_वऱ्हाडी

राजूभाऊ, तुमचं दुःख समजतं, पण मी जिथं राहतो तिथली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण ती अक्षरशः पोरांच्या मोजण्यापासूनच सुरू झाली.

मी मूळचा चिखलीचा, आता कॅलिफोर्नियात. इथं सिएरा नेवाडा डोंगराच्या पलीकडे मोनो लेक नावाचं सरोवर आहे. पहिल्यांदा गेलो, पाण्यात हात घातला आणि बुळबुळीत लागलं तेव्हा मला लोणारच आठवलं. तसंच, बाहेर वाट नसलेलं, खारट, सोड्याचं, पीएच दहाच्या जवळ, मासे नाहीत. मीठपाण्यातल्या बारीक कोळंब्या आणि एक प्रकारच्या माश्या मात्र कोट्यवधी, आणि त्या खायला लाखो पक्षी येतात.

लॉस एंजेलिस शहराने १९४१ पासून या सरोवराला मिळणारे ओढे वळवून साडेपाचशे किलोमीटरवर स्वतःच्या नळाला नेले. चाळीस वर्षांत पाणी सुमारे ४५ फूट उतरलं, खारटपणा दुप्पट झाला. एका बेटावर कुरव पक्ष्यांची घरटी होती, पाणी उतरल्यावर बेटाला जमीन जोडली गेली आणि कोल्ह्यासारखे कायोटी चालत जाऊन पिल्लं खाऊ लागले. तेव्हा कुणाला काही पडलेली नव्हती, शहर मोठं, पैसेवाले, कायदेशीर हक्क त्यांच्याकडे.

१९७६ च्या उन्हाळ्यात कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी, पीएचडी वगैरे काही झालेली नव्हती, तंबू ठोकून सरोवराचा अभ्यास केला. क्षार किती, कोळंब्या किती, पक्षी किती, सगळं मोजलं आणि पुढच्या वर्षी अहवाल काढला. त्यातल्याच डेव्हिड गेन्स या तरुणाने आणि त्याच्या मित्रमैत्रिणींनी १९७८ मध्ये मोनो लेक कमिटी सुरू केली. हे लोक जुन्या गाडीतून गावोगाव स्लाइड शो दाखवत फिरायचे, लोकांना बादल्या घेऊन ओढ्याचं पाणी सरोवरात ओतायला बोलवायचे. बादलीने सरोवर भरत नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण ती बादली हातात घेतलेला माणूस नंतर पत्र लिहायचा. कोर्टात केस गेली, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरोवर ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, त्यामुळे दिलेले पाणीहक्क परत तपासता येतात. शेवटी १९९४ मध्ये राज्याच्या पाणी मंडळाने आदेश काढून पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांपर्यंत आणायची ठरवली. गेन्स हे बघायला राहिला नाही, १९८८ मध्ये अपघातात गेला.

आता यातली खरी गोम ऐका. ती पातळी अजूनही गाठलेली नाही. तीस वर्षं होऊन गेली, लोक अजून मोजतायत, अजून भांडतायत. लॉस एंजेलिसमधल्या ज्या मुलांच्या घरी ते पाणी जात होतं त्या मुलांनाच सरोवरावर मुक्कामाला आणतात, तंबूत नव्हे, शिबिराच्या जागेत, आणि दाखवतात की तुमचा नळ इथून सुरू होतो. मला हे फार आवडलं. लोणारला सहल फक्त मेहकरच्या मुलांची कशाला, लोणार गावातल्या ज्या गल्लीचं सांडपाणी उतारावर जातं त्या गल्लीतल्या मुलांना आपल्या मोरीपासून खालपर्यंत चालत न्या.

फरक एवढाच की मोनोत पाणी कमी होण्याचं संकट होतं आणि लोणारला वाढण्याचं. पण दोन्हीकडे प्रश्न एकच विचारावा लागतो, किती होतं आणि किती झालं, आणि ते सांगायला कुणाकडे तरी वही लागते.

---

नागपूरवाली_वकील

वरचं वाचून लगेच लिहायला बसले कारण मोनो लेकचा तो निकाल आपल्या कामाचा आहे, खरोखर कामाचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या बियास नदीच्या प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व भारतात लागू केलं, आणि ते करताना मोनो लेकच्या निकालाचा आधार घेतला. म्हणजे तिकडच्या पोरांनी मोजलेल्या पाण्याचा धागा इकडे आपल्या नद्या-तळ्यांपर्यंत आलेला आहे.

बाई, लोणारला कायद्याचं संरक्षण कमी नाही. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवारसा स्मारक म्हटलं, २००० मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. नागपूर खंडपीठात लोणारवर जनहित याचिका वर्षानुवर्षं चालली आहे, गुलाबी रंगाच्या वेळी पण न्यायालयाने लक्ष घातलं होतं. याचा उपयोग असा की तुम्ही सांगायला जाता तेव्हा "कृपया लक्ष द्या" म्हणायची गरज नाही, २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार अशा जागी प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला आणि कचरा टाकायला मनाई आहे, एवढं एक वाक्य लिहायचं आणि खाली तारीख, जागा, फोटो.

आता सावध राहायच्या गोष्टी. अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं असेल तर वन्यजीव विभागाची लेखी परवानगी घ्या, पाणी, माती, दगड, पीस काहीही परवानगीशिवाय उचलायचं नाही. उल्केच्या आघाताने झालेले काचेचे बारीक गोळे मिळतात म्हणून लोक खिशात घालून नेतात, ते बेकायदेशीर पण आहे आणि संशोधनाचंही नुकसान आहे, कारण दगड कुठून उचलला हे कळलं नाही तर तो निव्वळ दगड उरतो. मंदिरांच्या जागी पुरातत्त्व खात्याचा पण संबंध येतो, विचारून घ्या. घाबरू नका, शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज गेला की सहसा मदतच करतात, वर कुणीतरी वनरक्षक बरोबर येतो आणि पोरांना पायाचे ठसे पण दाखवतो.

राजूभाऊंना एक विचारायचंय. त्या निवेदनाची पोच घेतली होती का? शिक्का मारलेली प्रत? मी इतक्या लोकांना भेटते जे तीन-तीन वर्षं लढतात आणि हातात एक शिक्का नसतो. पोच असेल तर महिन्याभराने माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. तिथून गोष्ट हलायला लागते. कोर्टात "पाणी घाण दिसत होतं" याला किंमत नाही, "दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी याच जागेवरून काढलेले चोवीस फोटो" याला फार किंमत आहे.

---

जालन्याचा_राजू

नाही ताई, पोच नव्हती घेतली. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. रॅलीचे फोटो आहेत शेकड्याने, तलावाचा एकही नाही. आता लिहिताना जाणवतंय.

---

टिबुकली

मी फक्त पक्ष्यांबद्दल लिहिते. हिवाळ्यात काठावरून साध्या दुर्बिणीने सुद्धा मुलं मोजू शकतात, खाली उतरायची पण गरज नाही. शेकाट्या ओळखायला सगळ्यात सोपा, लांब गुलाबी पाय, मुलं एकदा बघितल्यावर विसरत नाहीत. चक्रवाक म्हणजे ब्राह्मणी बदक थंडीत येतं, टिबुकली बुड्या मारताना दिसते, टिटवी तर ऐकूच येते, मोर भरपूर. रामसरच्या नोंदीत इथं १६० जातींचे पक्षी, ४६ सरपटणारे आणि १२ सस्तन प्राणी दिलेत, लांडगा सुद्धा त्यात आहे. सगळे ओळखायच्या नादी लागू नका मॅडम, पाच पक्षी निवडा आणि तेच पाच दरवेळी मोजा, वेळ आणि जागा पण तीच ठेवा.

पक्ष्यांना कमी समजू नका हो. राजस्थानात सांभर सरोवरात २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बोट्युलिझमने, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने, हजारो पक्षी मेले, ते लोकांच्या डोळ्यावर यायला पण वेळ लागला. नियमित जाणारं कुणी असलं तर पहिले दहा पक्षी मेले की लगेच कळतं काहीतरी बिघडलंय. मेलेला पक्षी दिसला तर मुलांना हात लावू देऊ नका, फोटो काढून वनखात्याला फोन करा.

---

लोणारचा_गाईड

वकील ताई आणि बाई, एक गोष्ट राहिली ती सांगतो. खाली देवीला येणाऱ्या बाया-माणसांना पोरांनी काय सांगायचं. एकदा एका शिबिरातली पोरं घोषणा देत खाली उतरली, निर्माल्य टाकू नका, साबण लावू नका, असं ओरडून. म्हाताऱ्या बाया दुखावल्या. एक आजी मला म्हणाली, आम्ही काय देवीचं पाणी घाण करायला येतो का रे बाबा? तिचं बरोबर होतं. तिच्या लहानपणी निर्माल्य म्हणजे फुलं आणि पानं होती, आता त्याला प्लास्टिकची पिशवी आली.

तर पोरांनी वर पायऱ्यांपाशी एक टोपली घेऊन बसायचं आणि एवढंच म्हणायचं, आजी पिशवी आमच्याजवळ द्या, फुलं घेऊन जा. आम्ही दोन नवरात्रं करून बघितलं, कुणी नाही म्हणत नाही. आणि त्याच आज्यांना विचारा की तुम्ही लग्न होऊन आल्या तेव्हा पाणी कुठं होतं. देवीचं मंदिर तिथंच हाय, त्यामुळे त्यांना बरोबर सांगता येतं, पाणी मंदिरापासून किती पावलं लांब होतं ते. पोरांनी ते लिहून घ्यावं, नाव न घालता, फक्त साधारण कुठलं साल आणि किती पावलं.

---

खारपाणी

गाईड दादा, हे तुम्ही फार मोठं सांगितलंत. उपग्रहाची चित्रं साधारण १९७० च्या दशकापासूनची मिळतात, त्याच्या आधीचं त्या आज्यांकडेच आहे. आणि चित्रांवर पावलांचा हिशोब लावून बघता येईल की दोन्ही जुळतात का. मॅडम, मी शाळेत एक दिवस येऊन मुलांबरोबर बसायला तयार आहे, मानधन वगैरे काही नको.

एक पुरवणी. धारेचं पाणी मोजाच. बादली आणि मोबाईलचं घड्याळ, बादली भरायला किती सेकंद लागतात, बस. पाणी का वाढतंय यावर सगळे वाद घालतात, कुणी म्हणतं पाऊस, कुणी म्हणतं झरे, कुणी सांडपाणी. बंद खड्डा आहे, आत येणारं प्रत्येक पाणी वेगळं मोजलं तरच कळेल. तुमच्या शाळेत साधं पर्जन्यमापक बसवा, बाटलीचं पण चालेल. पाऊस आणि धार या दोन गोष्टी तुमच्या मुलांनी सलग पाच वर्षं लिहिल्या तर माझ्यासारखे लोक ती वही मागायला तुमच्या दारात येतील, हे मी अगदी खरं सांगतो, कारण आम्ही वर्षातून दोनदा जातो आणि आमच्या दोन फेऱ्यांच्या मधलं आम्हाला काही माहीत नसतं.

---

मेहकरच्या_बाई

सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. काही प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावलं, आमचे मुख्याध्यापक सर मोनो लेकचं वाचून म्हणाले की अर्ज लिहा, मी सही करतो. अर्ज गेला. पोच घेतली! शिक्क्यासकट, मुलींनी तिचा फोटो काढून वर्गात लावलाय.

परवानगी येईपर्यंत खाली उतरायचं नाही असं ठरवलं. तोवर हळदीचे कागद झाले, पापडखाराच्या पाण्यावर लाल झाले तेव्हा एक मुलगा ओरडला, बाई कुंकू! धारेचं पाणी मोजायला तिथल्या माणसाला विचारून शनिवारी गेलो होतो. बादली तीन वेळा भरली, तिन्ही वेळा सेकंद वेगळे आले. पोरं भांडायला लागली की कुणाचं बरोबर. मग लक्षात आलं की एक जण बादली तिरकी धरत होता आणि घड्याळ दाबणारा आधीच दाबत होता. परत दहा वेळा केलं, दहाही आकडे लिहिले, खोडाखोड न करता. वहीच्या पहिल्या पानावर त्याच मुलीचं अक्षर आहे जिने मला प्रश्न विचारला होता.

ती पुढच्या वर्षी नववीला दुसऱ्या शाळेत जाणार, म्हणून वही पुढे कुणी चालवायची यावर वर्गात चर्चा झाली. ठरलं असं की आठवीच्या दोघांनी सातवीच्या दोघांना बादली धरायला शिकवायचं, आणि वही शाळेच्या कपाटात राहणार, घरी न्यायची नाही.

खारपाणी सर, तुम्ही याच, आम्ही वाट बघतोय. आणि एक विचारायचं होतं, धारेला पावसाळ्यात पाणी वाढलं तर पंधरा लिटरची बादली फार पटकन भरेल, सेकंद नीट पकडता येणार नाहीत. मोठी टाकी न्यावी का दोन धारा वेगळ्या करून मोजाव्यात?

---

खारपाणी

मोठं भांडं न्या, पन्नास लिटरचा ड्रम चालेल, पण बदलायच्या आधी एकाच दिवशी बादली आणि ड्रम दोन्हीने मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा, म्हणजे जुनं आणि नवीन जोडता येईल. ड्रम उचलायला पोरांना लावू नका, तिथंच आडवा करून रिकामा करा. मी डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी येतो.

---

लोणारचा_गाईड

ड्रम माझ्या घरी हाय. मी आणून ठेवतो.